पामांच्या बागेत परकी

मी बोलतेय, आणि सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते: मी पाम नाही. लोक मला ट्रॅव्हलर पाम म्हणतात, नर्सरीत याच नावाने विकतात, बंगल्यांच्या फाटकाशी याच नावाने लावतात. त्यात माझा काही दोष नाही. मी कुणाला नाव सांगायला गेले नव्हते. मी केळीच्या नात्यातली. खाली उंच बुंधा आणि वर लांब देठांची पानं, सगळी एकाच रेषेत, पंखा उघडावा तशी पसरलेली. दिसायला मी देखणी आहे. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसायचा माझा स्वभाव नाही.

पण वाढले मी पामांच्या बागेत, पाम म्हणून. आणि ज्या बाईंनी मला वाढवलं, त्यांना बागेत पाम सोडून दुसरं काही चालत नव्हतं. माझं सगळं आयुष्य या एका अडचणीभोवती गेलं.

माझा जन्म एका नर्सरीतला. आईच्या पायाशी मुनवा फुटला, माळ्याने तो कुदळीने वेगळा केला आणि काळ्या पिशवीत लावला, तो मुनवा म्हणजे मी. आईचा फार सहवास मला मिळाला नाही. पिशवीत नीट रुजते न रुजते, तोच एक उंच, बारीक माणूस आला. हातात अवजारांची पिशवी, नखांत वंगण. मोठमोठ्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करायचं त्यांचं काम. सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणत, मीही तेच म्हणते. त्यांनी मला काखोटीला मारलं आणि घरी नेलं.

दारात त्यांची बायको, म्हणजे बाई, उभ्या होत्या. त्या चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायच्या. शाळा अर्ध्यात सुटलेली, पण पुस्तक हातात आलं की शब्दकोश शेजारी ठेवून शेवटच्या पानापर्यंत जायच्या.

"मी पंखा आणायला सांगितला होता," बाई म्हणाल्या.

"हा पंखाच आहे."

"वारा कधी देणार?"

"देईल की. दहा-बारा वर्षांत."

"आणि तोवर मी उकडून निघू?"

लिफ्टवाले हसले आणि खड्डा खणायला लागले. बाईंनी बडबड चालू ठेवली, पण पाण्याची बादली त्यांनीच आणली. घराच्या खिडकीसमोर, अंगणाच्या अगदी मधोमध मला लावलं. अंगणात तेव्हा दुसरं काहीच नव्हतं. नुसती मी.

बाई आधी मला रोज बघायच्या, मग रोज वाचायला लागल्या. मी पाम आहे असं नर्सरीवाल्याने सांगितलेलं, म्हणून त्यांनी पामांची पुस्तकं आणली. त्यांत मी कुठेच सापडले नाही. "सगळे पाम एका पुस्तकात मावतात थोडेच," असं त्या म्हणाल्या आणि पुढचं पान उलटलं. चूक तिथेच झाली. पण त्या पुढच्या पानांवर जे पाम होते, त्यांनी बाईंना पुरतं वेड लावलं.

मग बी यायला लागलं. कुणाच्या बागेतून, कुणाच्या प्रवासातून, रस्त्याकडेच्या झाडाखालून वेचलेलं. बाई ते भिजवायच्या, गर खरवडून काढायच्या, ओलसर काथ्यात घालून पिशवीची गाठ मारायच्या. पामाच्या बीला खालून ऊब लागते, म्हणून त्या पिशव्या फ्रिजच्या डोक्यावर, मागच्या बाजूला. फ्रिजवर इतक्या पिशव्या झाल्या, की लिफ्टवाले म्हणायचे, "या घरात गार काय मिळेल ते फक्त जेवण. बिया तेवढ्या गरम."

काही बिया महिन्यात मूळ सोडायच्या, काही वर्ष उलटलं तरी ढिम्म. बाई टाकून द्यायच्या नाहीत. "झोपलीय," म्हणायच्या. पामाचं पहिलं पान गवताच्या पात्यासारखं असतं. एकदा शेजारीच राहणाऱ्या नणंदबाईंनी मदत म्हणून कुंड्यांतलं गवत उपटलं आणि ती सगळी वेताची रोपं निघाली, आणि वेतही पामच. बाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या, तेव्हा नणंदबाईंना वाटलं की अबोला बरा होता.

हळूहळू माझ्याभोवती गर्दी झाली. बाटलीसारख्या फुगीर बुंध्याचा एक आला. लाल देठांचा एक, त्याला सारखं पाणी हवं. माशाच्या शेपटीसारखी पानं असलेला, कोल्ह्याच्या शेपटासारखी झुबकेदार पानं असलेला. सरळसोट रॉयल पाम कुंपणाशी उभे राहिले. माझ्या सावलीत नाजूक, बुटके पाम लावले, ज्यांना ऊन सोसत नाही. माझ्या पानांनी त्यांच्यावर सावली धरली, हे मी उपकार म्हणून सांगत नाही. पण धरली.

येईल त्याला बाई एकच धडा द्यायच्या. "आंबा कापा, लिंबू कापा, नव्या फांद्या फुटतील. पामाचा शेंडा एकच. तो कापलात की झाड संपलं." बोट असं उगारायच्या, जणू समोरच्याने शेंडा कापलाच आहे.

आता सायकसची गोष्ट. बागेत एक सायकस होतं, तेही पाम म्हणूनच विकत आणलेलं. गडद हिरवं, टणक, देखणं. एका संध्याकाळी बाईंच्या वाचनात आलं की सायकस पाम नव्हे, ते पाइनच्या जवळचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकस मुळासकट बाहेर.

"नाव पामाचं लावून इतकी वर्षं माझं खत खाल्लं," बाई म्हणाल्या.

"अहो वहिनी, त्याने कुठे सांगितलं होतं?" नणंदबाई म्हणाल्या.

"मग आता तू सांभाळ. तुला फार पुळका आलाय ना?"

सायकस नणंदबाईंच्या अंगणात गेलं. मी उभी होते तिथून सगळं पाहिलं. माझ्या देठांच्या बेचक्यांत पावसाचं पाणी साठलेलं असतं, ते त्या दिवशी हललं.

त्याच आठवड्यात माझा पहिला फुलोरा आला.

लिफ्टवाले शिडी लावून माझी वाळकी पानं उतरवत होते. बाईंना उंचावर चक्कर येते, म्हणून वरचं काम नेहमी त्यांचं. शिवाय बाईंना लांबचं दिसेनासं झालं होतं. जन्मभर दुसऱ्यांची भिंगं घासली, पण स्वतःचा चष्मा कपाटातच ठेवायचा, नाकावर चढवायचा नाही, असा हट्ट. लिफ्टवाल्यांनी पानं बाजूला सारली आणि थबकले. देठांच्या मधून माझा फुलोरा बाहेर येत होता: एकावर एक रचलेल्या होड्यांसारखे टोकदार हिरवे कोश, त्यांतून डोकावणारी पांढरी फुलं. पामाचा फुलोरा झाडूसारखा फांद्याफांद्यांचा असतो, हे त्यांना पाठ होतं. जेवताना दुसरा विषयच नसे.

"अहो, वर काय दिसतंय?" खालून बाईंनी विचारलं.

"काही नाही. वाळकी पानं."

त्यांनी फुलोरा कापला, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि अवजारांच्या पिशवीत कोंबला. फुगलेली पिशवी पाहून बाईंनी हटकलं, तेव्हा म्हणाले, फुलोऱ्याचा कोंब येत होता, त्याने झाडाची ताकद जाते, म्हणून कोवळा असतानाच काढला. बाईंना ते पटलं नाही, पण झाडाच्या ताकदीचा प्रश्न आल्यावर त्यांनी ऐकून घेतलं.

तेव्हापासून हेच. मी फुलोरा काढायचा, त्यांनी कापायचा. माझी सगळी फुलं लिफ्टच्या पान्यांबरोबर आणि तेलाच्या फडक्यांबरोबर गेली. मला फळ कसं लागतं ते मलाच माहीत नव्हतं. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? पण तो माणूस का चढतो, हेही कळत होतं. एकही फूल खालून दिसलं असतं, तर मी त्या बागेत राहिले नसते.

वर्षं गेली. लिफ्टवाले निवृत्त झाले, केस पांढरे झाले. शिडी तीच आणि मी मात्र वाढत चाललेली. त्यांना एक-एक पायरी जास्त चढावी लागायची.

मग बातमी आली की पाम लावणाऱ्यांचं एक मंडळ बाईंची बाग बघायला येणार आहे. जाणती माणसं, ज्यांची पुस्तकं आणि मासिकं बाई वाचत आल्या होत्या. बाई इतकी वर्षं या दिवसासाठीच थांबल्या होत्या, की कुणीतरी कळणाऱ्याने आपली बाग बघावी. घरात रोज तोच विषय. आणि माझा फुलोरा नेमका तेव्हाच भरात.

मंडळ यायच्या आठवडाभर आधी, एका सकाळी लिफ्टवाले शिडी घेऊन आले. रात्री पाऊस झालेला, फरशीवर शेवाळ. फुलोरा त्यांनी कापला, आणि शिडी सरकली. मी त्यांना धरू शकत नव्हते. ते खाली आले, फुलोरा हातात घट्ट.

पाय मोडला. दवाखाना, प्लास्टर, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांना घरी आणून खिडकीशी खाटेवर निजवलं आणि बाई बाहेर आल्या, शिडी उचलायला. फुलोरा तिथेच पडला होता. त्यांनी तो उचलला, डोळ्यांजवळ नेला. जवळचं त्यांना चांगलं दिसायचं. एक कोश उघडला, दुसरा उघडला. मग पायरीवर बसल्या. उठल्या त्या तो घेऊनच आत गेल्या.

खिडकी उघडीच होती, म्हणून पुढचं मी ऐकलं.

"अहो, हे काय आहे?"

"फुलोरा."

"कुणाचा?"

लिफ्टवाले छताकडे बघायला लागले. छतावर काही लिहिलेलं नव्हतं.

"पामाचा फुलोरा असा असतो?"

"नसतो. तूच सांगितलंस. जेवताना."

"कधीपासून माहीत होतं?"

"सायकस गेलं त्या आठवड्यापासून."

"आणि मला सांगायला तोंड नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तू हिला काढलं असतंस."

"काढलंच असतं."

"म्हणूनच."

"म्हणजे या वयात शिडीवरून पडून मरायचं, पण बायकोला खरं सांगायचं नाही."

"अगं, उंचावर आयुष्य गेलं माझं. शिडीचं काय घेऊन बसलीस?"

"दिसतंय ना, पायावरून."

मला वाटलं, मिटलं. पण बाई नियमाच्या पक्क्या. संध्याकाळी त्यांनी झाडं तोडणाऱ्याला निरोप धाडला. मंडळ येण्याआधी बागेतून खोटं निघालं पाहिजे, असं नणंदबाईंना ऐकवलं. नणंदबाई म्हणाल्या, "माझ्याकडे जागा नाही हं वहिनी. आधीच सांगते."

तोडणारा आला. माझ्या बुंध्यावर थाप मारली, दोर फेकला, गाठ आवळली. "मऊ लाकूड आहे," म्हणाला. "दुपारपर्यंत मोकळं करून देतो."

बाई खिडकीशी गेल्या. "काढतेय मी तिला. काही बोलायचंय?"

"बाग तुझी," लिफ्टवाले म्हणाले. "मी काय बोलणार? खिडकीतून ऊन येईल आता, तेवढा पडदा लाव."

बाईंनी पडदा लावला नाही. त्या आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि बाहेर आल्या तेव्हा नाकावर चष्मा होता. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. खालून वर बघत गेल्या, बुंध्यावरून, देठांवरून, एकेका पानावरून. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा पूर्ण पाहिलं. वर देठांच्या बेचक्यात माझा दुसरा फुलोरा निघत होता.

"आणखी एक येतोय," त्या म्हणाल्या.

"तोही जाईल की झाडाबरोबर," तोडणारा म्हणाला.

"दोर सोडा."

"अहो बाई, मग मला बोलावलंत कशाला?"

"रॉयलची वाळकी पानं लोंबताहेत, ती उतरवा. आणि मागे पडवीत विटा आहेत, त्या इथे आणून टाका. उगाच तोंड वाकडं करू नका, दिवस फुकट नाही जाणार तुमचा."

विटा आल्या. बाई गुडघ्यांवर बसून माझ्याभोवती एकेक वीट रोवायला लागल्या. कडं घराच्या भिंतीपर्यंत नेलं, तेव्हा खिडकीही त्या गोलात आली. नणंदबाई कुंपणापलीकडून बघत होत्या.

"हे काय हो वहिनी?"

"हद्द आखतेय. पामांच्या बागेत पामच हवेत. ही आता बागेत नाही."

"मग माझ्याकडच्या सायकसलाही असंच एक कडं करून घ्या की परत."

"ते तुझ्या भावाने नव्हतं आणलं," बाई म्हणाल्या आणि पुढची वीट उचलली.

मंडळ आलं. माणसं वाकून वाकून बघत होती, लाल देठांच्या पामाशी तर बराच वेळ थांबली. बाईंनी पडत्या आवाजात काही सांगितलं नाही, ठणकावून सांगितलं. शेवटी त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ माझ्यापाशी आले. वर फुलोऱ्याकडे पाहिलं आणि जपून म्हणाले, "हे जे मधलं झाड आहे ना, ते खरं तर..."

"पाम नाही," बाई म्हणाल्या. "ते बागेतलं नाहीच. घरातलं आहे."

गृहस्थांनी विटांचं कडं पाहिलं, खिडकीत प्लास्टर घेऊन बसलेला माणूस पाहिला, आणि पुढच्या पामाकडे वळले.

आता माझा फुलोरा कुणी कापत नाही. यंदा मला फळं धरली. फळ उकललं की आतल्या बिया निळ्याशार निघतात, आकाशापेक्षाही निळ्या. बाईंनी त्यांतल्या काही काथ्यात घालून फ्रिजवर ठेवल्यात, बाकीच्या पिशव्यांपासून वेगळ्या. तुमच्या दारात माझी कुणी बहीण उभी असेल, तर तिला पाम म्हणा, केळ म्हणा, मला काही फरक पडत नाही. एवढंच करा, तिच्याबद्दल जे खरं असेल ते घरात सांगून टाका. शिडीवर चढून लपवू नका.

लिफ्टवाले आता संध्याकाळी माझ्याखाली खुर्ची टाकून बसतात. बाई पलीकडे रोपांशी काम करत असतात. मोडून जुळलेला पाय आखडला, की ते तो हळूच विटांवरून पलीकडे लांब करतात.

"अहो," बाई मान वर न करता म्हणतात, "पाय आत घ्या. बागेत आलाय."