खव्याच्या पोळ्यांचा डबा

सुमेधाचा राग सदा नाकाच्या शेंड्यावर. आयर्लंडमधल्या किलकेनीच्या हॉस्पिटलात ती डॉक्टर; तिथे नर्स तिला वचकून असत, घरात नवरा प्रल्हाद. तिला रजा मिळाली नाही, म्हणून ईस्टरच्या सुट्टीत प्रल्हाद आणि बारा वर्षांची लेक ईशानी दोघंच बोत्स्वानाला गेली. भाड्याची जीप, टपावर तंबू, जंगलात मुक्काम. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरीणबाईंनी जातीने बांधून दिल्या. तूपकट खाण्याबरोबर गोळी चांगली लागू पडते, म्हणून पाकिटं थेट खव्याच्या पोळ्यांच्या डब्यात. रोज एक पोळी, एक गोळी. विसरायची सोयच नाही! केवढी ती हुशारी.

जंगलात मोबाइल चालत नव्हता. उपग्रहावरून दोन-चार ओळींचे निरोप पाठवणारं एक यंत्र प्रल्हादने नेलं होतं. हत्ती दिसले, बापलेक मजेत, असं रोज यायचं.

अकराव्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचला, ओपीडी आटोपता आटोपता निरोप आला. 'ईशानीला कालपासून ताप. डोकं दुखतंय. पॅरासिटामॉल दिली.'

'मलेरियाच्या गोळ्या रोज घेतल्यात ना?'

वीस मिनिटांनी आलं, 'तुला सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी गुरांच्या रोगाच्या तपासणी नाक्यावर डबा काढून घेतला. दुधाचे पदार्थ पुढे नेऊ देत नाहीत. गोळ्या त्यातच आहेत हे पुढे गेल्यावर लक्षात आलं.'

'आणि नऊ दिवस गप्प बसलास?'

'पुढच्या गावातलं औषधांचं दुकान बंद होतं. डासही दिसत नव्हते. तू उगाच ओरडली असतीस.'

ओरडली तर सुमेधा असतीच. त्याला धुऊन काढलं असतं, आणि मग सांगितलं असतं, मागे फीर, गोळ्या घे, मगच जंगलात शीर. पण ते ऐकायला आधी तिची बोलणी खावी लागतात, हे चौदा वर्षांच्या संसारात प्रल्हादला पुरतं कळलं होतं. चूक त्याची होती, आणि तिचीही होती.

'आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठ.'

'पाच तास लांब आहे. इथे अंधार पडला. रात्री गाडी चालवायला बंदी, वाटेत पाणी, हत्ती. उजाडताच निघतो.'

इकडे किलकेनीत खिडकीबाहेर अजून लख्ख ऊन होतं. परक्यांच्या पोरांचे ताप उतरवणाऱ्या बाईला पोटच्या पोरीच्या कपाळावर हात ठेवता येईना. पाणी पाज, अंग पूस, असं ती लिहीत राहिली. कुठलीही शेजारीण सांगेल, तेवढंच. नर्सने दारातून विचारलं, "डॉक्टर, यू ऑलराइट?"

"ग्रँड," सुमेधा म्हणाली. सगळं ठीक आहे, हे तिथे असंच सांगतात.

पुढचा निरोप ईशानीचा होता. 'आई, बाबा रडतोय. त्याला रागावू नकोस ना. मला फक्त खूप थंडी वाजतेय. दात थांबतच नाहीयेत.'

ती थंडी मलेरियाची, हे सुमेधाला कुणी सांगायला नको होतं. 'नाही गं रागावत,' तिने लिहिलं. तीनदा पाठवलं. तिकडच्या यंत्राशी संपर्क तुटला होता, एकही निरोप पोचला नाही.