डावीकडून तिसरी खिडकी

माझ्या नवऱ्याने आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि त्याच्या आईने आयुष्यभर लिफ्टला लांबूनच हात जोडून जिना धरला. ज्या यंत्रावर घराचं पोट चालत होतं, त्या यंत्रावर सासूबाईंचा काडीचा भरवसा नव्हता. म्हणून मी त्यांना शहरातल्या सगळ्यात उंच मनोऱ्याच्या लिफ्टमध्ये उभं केलं, तेव्हा त्यांनी माझा दंड असा काही धरला की दुसऱ्या दिवशीही तिथे त्यांची बोटं उमटलेली होती.

मनोऱ्यावर लोक शहर बघायला जातात. आम्हाला शहराशी काही देणंघेणं नव्हतं. रस्त्याच्या पलीकडे हॉस्पिटल होतं आणि तिथे अकराव्या मजल्यावर माझा नवरा एका बंद खोलीत होता. रक्ताचा आजार. डॉक्टरांनी औषधं देऊन त्याचं जुनं रक्त जवळजवळ मारून टाकलं होतं, आणि दुसऱ्या कुणाचा तरी बोन मॅरो त्याच्या अंगात सोडला होता. तो रुजेपर्यंत साध्या शिंकेनेही माणूस जाऊ शकतो, असं आम्हाला सांगितलं होतं. त्यामुळे त्या मजल्यावर पाऊल टाकायला नातेवाइकांना सक्त बंदी होती.

पहिल्या आठवड्यात आम्ही फोनवर त्याचा चेहरा बघितला. डोक्यावर केस नाहीत, भुवया नाहीत, ओठ सुजलेले. सासूबाई अशा रडल्या की फोन हातातून पडला. त्यानंतर त्याने मला निरोप पाठवला की आईला पुन्हा माझं तोंड दाखवायचं नाही. बोलता तर येतच नव्हतं, तोंडभर जखमा. दोन-चार शब्द टाइप करायचा, तेवढेच. मनोऱ्याची युक्ती त्याचीच. तिथल्या लिफ्टची देखभाल त्याच्या कंपनीकडे होती, वरच्या लोकांना तो ओळखत होता. त्याने लिहिलं, ‘पाच वाजता मनोऱ्यावर या. अकरावा मजला, डावीकडून तिसरी खिडकी. मी हात करीन. लांबून मी बरा दिसतो.’

माझा नवरा असाच. मरणाच्या दारातसुद्धा थट्टा.

वर भन्नाट वारा. चारी बाजूंना छातीइतकी काच, लोक पाठ काचेला टेकवून दात काढत फोटो काढत होते, आणि माहिती सांगणारा पोरगा माईकवरून नदी, बंदर, स्टेडियम असं काय काय दाखवत होता. सासूबाई लिफ्टच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि हे सगळं हलतंय असं त्यांनी जाहीर केलं. मी त्यांना तिथेच सोडलं आणि हॉस्पिटलच्या बाजूच्या दुर्बिणीत नाणं टाकलं. मजले मोजले. अकराव्यावर दहा खिडक्या होत्या. डावीकडून तिसरीत हिरव्या झग्यातला एक माणूस उभा होता, टक्कल पडलेला, तोंडावर मास्क.

मी सासूबाईंची लाल शाल काढून घेतली आणि डोक्यावर धरून हलवली. ती शाल माझ्या लाँड्रीच्या दुकानातली, कुणीतरी टाकून परत न्यायला विसरलेली. त्या माणसाने थोडा वेळ नुसतं बघितलं. मग हळूच एक हात वर केला.

“आई, करतोय हात,” मी म्हटलं.

सासूबाईंनी भिंत सोडली. जीव मुठीत धरून, जमिनीकडे न बघता त्या दुर्बिणीपर्यंत आल्या आणि डोळा लावून बसल्या. नवरा लहानपणापासून ताडमाड, म्हणून त्या त्याला उंट्या म्हणायच्या. “वाकलाय गं माझा उंट्या,” त्या म्हणाल्या. “किती लहान झालाय.” पण आवाजात रडणं नव्हतं. रात्री जेवताना त्याचा निरोप आला, ‘आईची शाल दिसली. झकास.’ तो निरोप त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

मग तो आमचा नेमच झाला. मी दुकानातून लवकर सुटायचे, सासूबाई खाली गेटपाशी आधीच येऊन थांबलेल्या असायच्या. तिकीटवाल्याला माझ्या नवऱ्याच्या साहेबाने सांगून ठेवलं होतं, तो आम्हाला तसंच सोडायचा आणि वर सासूबाईंची चेष्टा करायचा, की आजी, आता तुम्हाला इथे नोकरीलाच ठेवतो. लिफ्टची भीती कुठल्या कुठे पळाली. माईकवाल्या पोराने एकदा त्यांना प्रेमाने सांगितलं की आजी, नदी त्या बाजूला आहे, इकडे नुसती हॉस्पिटलची भिंत आणि पाइप. सासूबाई दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाल्या, “नदी कुठे पळून जात नाही.”

कुणी पर्यटक दुर्बीण अडवून बसला की त्यांच्या नाकावर राग यायचा आणि त्या त्याच्या अगदी मागे जाऊन खोकायला लागायच्या. खिडकीतल्याला ऐकू येत असल्यासारख्या त्या त्याच्याशी मोठमोठ्याने बोलायच्या. नळ गळतोय, शेजारणीला नात झाली, तुझी बायको धड जेवत नाही. घरी येऊन हिशेब सांगायच्या, आज जरा तजेला होता, आज गाल भरल्यासारखे वाटले. आणि खरंच, खिडकीतला माणूस दिवसेंदिवस सुधारत होता. आधी भिंतीचा आधार घ्यायचा, मग नुसता उभा राहायला लागला.

मी मात्र दुर्बिणीला क्षणभरच डोळा लावायचे. त्या माणसाकडे बघून मला काहीच वाटत नसे. ज्याच्याबरोबर इतकी वर्षं काढली, ज्याच्या पावलांचा आवाज मी जिन्यात ओळखते, तो समोर उभा असून मन दगडासारखं. मला वाटलं, आजाराने त्याचा पार दुसराच माणूस केला, किंवा माझ्यातलंच काहीतरी आटलं. रात्री अंथरुणावर मला ह्याची भीती वाटायची. कुणाला सांगणार? सासूबाईंच्या डोळ्यांत नुकता कुठे जीव आला होता.

मग त्याला ताप भरला आणि त्याचे निरोप थांबले. सकाळी नर्सचा फोन यायचा, ताप उतरत नाहीये, छातीत पाणी धरतंय, डॉक्टर बघताहेत. पण पाच वाजता बघावं तर हा खिडकीत उभा, हात हलवतोय. सासूबाई नर्सलाच धीर द्यायच्या की तुम्ही घाबरू नका, तो चांगला उभा राहतो. बिचारी नर्स हो आजी म्हणून फोन ठेवायची. मीही डॉक्टरांपेक्षा खिडकीवर विश्वास ठेवला. ठेवावासा वाटला. उभ्या माणसाला मरण येतं असं कुणाला खरं वाटेल?

त्या दिवशी ऊन समोरच्या भिंतीवर आलं होतं, काचा चमकत होत्या. सासूबाईंना आधी काही दिसेना, मग दिसलं, तशा त्या खूश झाल्या. माझा फोन वाजला. वाऱ्यामुळे ऐकू येईना, म्हणून मी लिफ्टच्या आडोशाला गेले. डॉक्टर बोलत होते. त्यांनी माझं नातं विचारलं, मी एकटी आहे का विचारलं. मग सांगितलं की आम्ही खूप प्रयत्न केले, ते थोड्या वेळापूर्वी गेले.

मी फोन कानालाच धरून उभी राहिले. दुर्बिणीपाशी सासूबाई हसत होत्या. “अगं इकडे ये,” त्या ओरडल्या. “आज दोन्ही हात हलवतोय.”

मी गेले आणि त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले. “त्यांना सांग, चुकलंय म्हणून,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाचं तरी असेल. मी बघतेय ना त्याला.” त्यांनी माझं डोकं धरून दुर्बिणीला लावलं. अकरावा मजला. डावीकडून तिसरी. हिरव्या झग्यातला माणूस दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवत होता, मास्कमागे हसतही असावा.

तेव्हा माझ्या जिवात जीव आला. आजवर कधी आला नव्हता इतका. हॉस्पिटलात काय, रोज शंभर माणसं, होते गडबड. मी त्या डॉक्टरला मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली. लिफ्टमध्ये आम्ही दोघी एकमेकींकडे बघून मान हलवत होतो, की काय ही माणसं, काय हा कारभार. रस्ता आम्ही गाड्यांच्या मधून धावत ओलांडला. सासूबाईंची एक चप्पल निसटली, ती त्यांनी हातात घेतली.

अकराव्या मजल्यावर आज आम्हाला कुणी अडवलं नाही. तिथेच मला कळायला हवं होतं. नर्सने दोघींच्या अंगात झगे चढवले, मास्क बांधले आणि लांब बोळातून पुढे पुढे नेलं. एका बाजूला कोरी भिंत, दुसऱ्या बाजूला ओळीने काचेची दारं. ती शेवटाकडच्या एका दारापाशी थांबली. मी दाराकडे तोंड करून उभी राहिले आणि सवयीने मोजलं. डावीकडून एक, दोन, तीन. खोलीपलीकडे खिडकी होती आणि खिडकीत सरळ समोर मनोरा. त्याने आतून डावीकडून मोजलं होतं. आम्ही बाहेरून बघत होतो. आमचं डावं म्हणजे त्याचं उजवं.

मला सगळं एकदम कळलं. मी दाराची चौकट धरली. पलंगावर तो होता. पाय पलंगाबाहेर आलेले, नेहमीसारखे. ह्याच्याकडे बघून मला काहीच वाटत नसे असं नव्हतं. मी ह्याच्याकडे बघितलंच नव्हतं.

सासूबाई त्याच्या जवळ गेल्या. त्याच्या भुवया नसलेल्या कपाळावरून त्यांनी हात फिरवला, मग खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, पण त्यांना पटकन समजलं.

“इथून मी दिसत होते त्याला?” त्यांनी नर्सला विचारलं.

दिसत होतात की, नर्स म्हणाली. लाल शाल अगदी ठळक दिसायची. आधी ते उभे राहायचे. उभं राहवेना तेव्हा पाचच्या आधी पलंगाची डोक्याकडची बाजू वर करायला लावायचे. काल हात उचलत नव्हता, तर मला खूण केली. मी धरून वर केला.

“आणि मी?” सासूबाई म्हणाल्या. “तेव्हा मी कुणाकडे बघत होते?”

नर्स माझ्याकडे बघायला लागली. सासूबाई पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याला हात केला. मनोऱ्यावर करायच्या तसाच, डोक्याच्या वर नेऊन, बराच वेळ. मी ओक्साबोक्शी रडले. त्या रडल्या नाहीत.

सह्या झाल्या. सकाळी कधी, कसं न्यायचं ते ठरलं. आम्ही परत निघालो, बोळाच्या टोकाला झगे काढून ठेवले आणि सासूबाईंनी शाल खांद्यावर घेतली. तिथल्याच एका दाराच्या काचेवर आतून टकटक झाली. बारीक, बुटका माणूस, टक्कल, हिरवा झगा. त्याने शालीकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे, आणि दोन्ही हात वर करून हलवायला लागला. आमची नर्स हळू आवाजात म्हणाली की ह्यांना भेटायला कुणी येत नाही. आधी खात-पीत नव्हते, औषध थुंकून टाकायचे. आता पाच वाजले की आपणहून उठतात.

मला त्या माणसाचा इतका राग आला की काच फोडून त्याचे हात खाली ओढावेसे वाटले. ते हात आमच्या माणसाचे होते. ते हसणं, तो तजेला, सासूबाईंनी ओरडून सांगितलेल्या सगळ्या गोष्टी, सगळं ह्याने घेतलं होतं आणि तो बरा झाला होता. मी सासूबाईंचा दंड धरला आणि लिफ्टकडे ओढलं. त्या हलल्या नाहीत. काचेपलीकडे तो माणूस हाताची पाच बोटं पसरून दाखवत होता, मग खिडकीकडे बोट. उद्या पाचला, ना?

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान डोलावली.

लिफ्टची वाट बघताना त्यांनी मला विचारलं, “उद्या पाचच्या आत आपलं सगळं आटपेल ना गं?”

मी म्हटलं, आटपेल.

“मग आधी उंट्याच्या खिडकीला हात करायचा,” त्या म्हणाल्या. “रिकामी असली तरी. आणि मग ह्याला.”