न्यायाधीशबाईंचा उसना कोट

मित्रांनो, मी कोट आहे. आज कोपरांशी जरा चकाकतो, कॉलरीशी मऊ पडलो आहे, पण एकेकाळी मी नवरदेवाच्या अंगावर होतो. काळसर निळं लोकरी कापड, आत डाळिंबी रंगाचं गुळगुळीत अस्तर आणि छातीला ताठ कॅनव्हास. मला शिवणारा शिंपी तोंडात टाचण्या धरून बोलायचा, त्यामुळे तो काय म्हणतो ते कुणालाच कळायचं नाही. त्यानं कच्चे टाके घालून मला पुन्हा पुन्हा उसवलं आणि शेवटी असं काही बसवलं, की नवरदेव आरशासमोरून हलेना.

नवरदेव म्हणजे आमचे दादा. धंदा फोटोग्राफीचा. लग्न झालं, संसार मार्गी लागला आणि दादांनी असं बाळसं धरलं, की वर्षाच्या आत माझं बटण काही काजापर्यंत पोहोचेना. घरात मला कुणाला तरी देऊन टाकायची भाषा सुरू झाली. दादा बायकोला म्हणाले, "राहू दे गं, स्टुडिओत कामाला येईल." असा मी स्टुडिओतल्या खुंटीवर आलो.

मग काय विचारता! कुणाला नोकरीच्या अर्जासाठी फोटो हवा, कुणाला परदेशी जायच्या कागदांसाठी. जो येई तो मला अंगात घाली. बारीक माणूस आला, की दादा माझी पाठ मागून गोळा करून तिला कपडे वाळत घालायचे चिमटे लावत. समोरून मी त्याच्याच मापाचा, पाठीमागून मात्र नुकता दोरीवरून काढलेला. एकदा एक तरुण अर्ध्या चड्डीवरच आला. फोटो छातीपर्यंतच होता, त्यामुळे वरून तो बँकेचा मॅनेजर आणि खालून पोहायला निघालेला गडी. दादा हसू आवरता आवरता तीनदा बटण दाबायला चुकले. पण त्या तरुणाला नोकरी लागली आणि तो पेढे... नाही, चुकलो, केक घेऊन आला होता. लोक म्हणू लागले, "हा कोट चांगल्या पायगुणाचा आहे." मला पाय कुठले, पण मी मान्य करून टाकलं.

पुढे दिवस पालटले. लोक स्वतःचे कोट घेऊन येऊ लागले. त्याचं मला काही वाटलं नाही. मला लागलं ते वेगळंच. संगणक आला आणि तोच माणसांना कोट घालू लागला! माणूस साध्या शर्टात बसायचा आणि फोटो बाहेर यायचा कोटातला. एक टाका नाही, अस्तर नाही, खिसे नाहीत, तरी तो कोट! मी खुंटीवर लोंबत राहिलो. खांद्यावर धूळ साचली. एका बाहीत कोळ्यानं जाळं विणलं. निदान त्याला तरी माझा उपयोग होता.

मग दादांची मुलगी शिकून परत आली. सगळे तिला ताई म्हणतात. तिनं स्टुडिओला नवा रंग दिला, मोठ्या खिडकीवरचा पडदा काढून टाकला आणि बाहेर जाऊन माणसांचे फोटो काढायला सुरुवात केली. तिचं काम मोठं नेटाचं. फोटोच्या आधी ती माणसाला बोलावून घेते, चहा पाजते, त्याचे कपडे टेबलावर पसरायला लावते. बारीक रेघांचा शर्ट नको, फोटोत त्या रेघा वळवळतात. भिंतीच्या रंगाचा ड्रेस नको, माणूस भिंतीत विरघळतो. जागाही ती आदल्या दिवशी जाऊन बघते, ऊन कुठून येतं, मागे कचऱ्याचा डबा तर नाही ना. मला ती आवडू लागली होती. एक दिवस मात्र माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "दादा, हे ध्यान टाकून द्या आता. कसर लागेल सगळ्या कपड्यांना."

दादांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण माझा धीर सुटला होता.

अशातच चौकशीबाई स्टुडिओत आल्या. बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांची सगळी नोकरी गेली, म्हणून गावानं त्यांचं नावच ते ठेवलं. निवृत्त होऊन त्यांना थोडेच महिने झाले होते. बरोबर त्यांचे यजमान होते, भूगोलाचे मास्तर. तेही निवृत्त. मास्तरांच्या हातात भली मोठी बॅग आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या हॉलमधला भाव.

"माझे फोटो काढायचेत," बाई म्हणाल्या. "जाहिरात कंपनीला पन्नाशीपुढचे नवे चेहरे हवेत. वेगवेगळे कपडे, वेगवेगळ्या जागा. सोमवारपर्यंत पाठवायचेत."

"या वयात," मास्तर खिडकीकडे बघत म्हणाले.

"वय त्यांनीच मागितलंय. पहिल्यांदाच कुणीतरी मागतंय, तर देते," बाई म्हणाल्या.

ताई खळखळून हसली. पण बाई हसल्या नाहीत. मग हळूहळू कळलं, की त्यांनी आधी एकदा फोटो पाठवला होता. मास्तरांनी गच्चीवर काढलेला, मागे दोरीवर चादरी. कंपनीचं उत्तर आलं होतं, 'चेहऱ्यावर भाव दिसत नाहीत.' ते वाचून बाईंनी दोन दिवस घरात कुणाशी शब्द काढला नव्हता.

"ताई, मी आयुष्यभर लोकांना सांगितलं, तुमची गाडी कुठून सुटते," बाई म्हणाल्या. "आता म्हटलं, माझीही एखादी असेल. ही बघते. सुटली तर सुटली. चुकली तर पुन्हा विषय काढणार नाही, असं यांना कबूल केलंय."

ताईनं कपडे पसरले. रेघांचा शर्ट बाद. पिवळा ड्रेस चांगला होता, पण त्यात बाई अवघडून खांदे वर घेत होत्या. शेवटी ताईनं त्यांचा रोजचा राखाडी ड्रेस निवडला आणि वर गडद हिरवा स्वेटर. "आपलेच कपडे, आपलीच जागा," ती म्हणाली. "माणूस तिथंच खरा दिसतो. तुमचं स्वयंपाकघर, तुमची खिडकी. शेवटी ग्रंथालयाच्या पायऱ्या, तिथं संध्याकाळी दगड सोनेरी दिसतो."

रविवारी निघायची तयारी झाली आणि ताईला मोठ्या दिव्याची पेटी सापडेना. दिवा तसाच गाडीत ठेवला तर फुटणार. दादांनी मला खुंटीवरून काढलं, झटकलं आणि दिव्याभोवती गुंडाळलं. मित्रांनो, नवरदेवाचा कोट, आणि आज दिव्याचं पोतेरं! पण कितीतरी वर्षांनी मी रस्ता पाहत होतो, म्हणून गप्प बसलो.

पहिल्यांदा बाईंच्या घरी गेलो. स्वच्छ ओटा, खिडकीतून येणारा मऊ उजेड. बाई कढईशेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा कढईसारखाच झाला.

"काकू, नेहमी असता तशा राहा ना," ताई म्हणाली.

"नेहमी मी अशीच असते," बाई म्हणाल्या.

"हे खरं आहे," मास्तर दारातून म्हणाले.

बस स्टँडवर तर आणखी पंचाईत. बाई खिडकीशी बसल्या, ताईनं कॅमेरा डोळ्याला लावला, तेवढ्यात एका प्रवाशानं आत डोकावून गाडीची वेळ विचारली. बाईंनी मान न वळवता उत्तर दिलं, फलाटासकट. ताई म्हणाली, "थोडं हसा." बाई म्हणाल्या, "इथं हसलं की लोक दुसऱ्यांदा विचारतात. खात्री वाटत नाही त्यांना." त्यांनी प्रयत्न केला. ओठ हलले, डोळे जागचे हलले नाहीत. ताईनं फोटो बघितला आणि कॅमेरा खाली ठेवला. बाईंना तेवढ्यानंच कळलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

ग्रंथालयापाशी पोहोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. रुंद दगडी पायऱ्या, वर उंच खांब. मास्तरांनी आकाशाकडे बघून ताईला सांगितलं, "पश्चिम त्या अंगाला आहे. थोड्या वेळात उजेड डाव्या खांबामागे जाईल. लवकर उरकलेलं बरं." ताई दिवा उभा करू लागली. मला तिनं सोडवलं आणि कठड्यावर टाकलं.

बाई एका पायरीवर बसल्या होत्या. "राहू द्या ताई," त्या हळूच म्हणाल्या. "कंपनीनं काही चुकीचं लिहिलं नव्हतं. तुम्ही उगाच दमू नका."

मास्तर तोंड उघडून परत मिटून बसले. मला वाटलं होतं, ते 'मी म्हणतच होतो' म्हणतील. नाही म्हणाले. गार वारा सुटला होता. बाईंनी हात अंगाशी घेतले, तसे मास्तर उठले, कठड्यावरून मला उचललं आणि बाईंच्या खांद्यांवर घातलं.

बाईंनी सहज बाह्यांत हात सरकवले. बाह्या लांब झाल्या, त्या त्यांनी मुडपल्या. कॉलर सरळ केली. मग उठून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात माझ्या खिशांत घातले. मित्रांनो, माझ्या अंगात किती माणसं येऊन गेली. सगळी फोटो निघेपर्यंत श्वास रोखून उभी राहायची. या बाईंनी मात्र दीर्घ श्वास आत घेतला. माझं अस्तर ताणलं गेलं इतका.

"अगं, अगदी न्यायाधीश दिसतेस की," मास्तर हसून म्हणाले.

बाईंनी सावकाश मान वळवली. एक भुवई वर गेली.

"आरोपीनं विचारल्याशिवाय बोलू नये."

मास्तर चपापले. "मी? आरोपी?"

"ओला टॉवेल गादीवर टाकणे. रोज. लग्न झाल्यापासून. गुन्हा कबूल आहे?"

"म्हणजे... विसरतो मी, साहेब."

"विसरतो!" बाई पायरी उतरून खाली आल्या. "पृथ्वीवरच्या सगळ्या नद्या लक्षात राहतात आणि दोरी कुठं बांधलीय ते राहत नाही?"

ग्रंथालयातून बाहेर पडणारी माणसं थांबली. कुणीतरी टाळी वाजवली. बाईंचे डोळे चमकत होते. रागानं, मग दयेनं, मग मिश्कीलपणानं. एकेक भाव चेहऱ्यावर येत होता आणि पुढच्याला जागा करून देत होता. ताईला आधी कळलंच नाही काय चाललंय. मग तिनं कॅमेरा डोळ्याला लावला तो काढलाच नाही. ती पायऱ्यांवर आडवी झाली, गुडघ्यावर आली, "काकू, वर बघा! शिक्षा सुनावा!" म्हणून ओरडत राहिली.

मग म्हणाली, "कोट ढगळ दिसतोय. चिमटे राहिले स्टुडिओत!"

"थांबा," मास्तर म्हणाले. ते बाईंच्या मागे वाकून बसले आणि माझी पाठ त्यांनी मुठीत घट्ट आवळून धरली. गुडघे कुरकुरले त्यांचे, मला ऐकू आलं. बाई ताठ उभ्या, सोनेरी उजेड गालावर. आणि अगदी शेवटच्या फोटोला, 'निघाला का?' हे बघायला मास्तरांनी बाईंच्या कोपराखालून डोकं बाहेर काढलं.

स्टुडिओत परतल्यावर ताईनं विचारलं, "काकू, घरी का नाही जमलं हे?"

"घरी मी मीच असते गं," बाई म्हणाल्या. "त्यात काय दाखवायचं?"

ताईनं मला उचललं, झटकलं आणि स्वतः खुंटीवर नीट अडकवलं.

कंपनीचा फोन आठवड्यानं आला. बाई मास्तरांबरोबर स्टुडिओतच होत्या, छापलेले फोटो न्यायला आलेल्या. फोन कानाला लावून त्या नुसत्या "हो, हो" म्हणत होत्या. मग त्यांनी तो हातानं झाकला आणि मास्तरांकडे वळल्या.

"मला घेतलंय. कपडे धुवायच्या साबणाची जाहिरात. आणि ते विचारताहेत, कोपराखालून डोकावणारे गृहस्थ कोण? तेही हवेत म्हणे."

"या वयात?" मास्तर म्हणाले आणि लगेच आरशात बघून केसांवरून हात फिरवला. दादा पोट धरून हसले. ताईनं बाईंना मिठी मारली, आणि बाई रडता रडता हसू लागल्या, की हसता हसता रडू लागल्या, ते मला अजून सांगता येत नाही.

शूटिंगला बाईंना न्यायाधीशच व्हायचं होतं, त्यासाठी कंपनीनं चकचकीत नवा कोट आणला होता. बाईंनी तो दोन मिनिटं घातला, काढला आणि निरोप धाडला, की माझा तो पाठवा. ताई स्वतः मला घेऊन गेली. निघण्याआधी तिनं माझ्या बाहीतलं उरलंसुरलं जाळं काढलं, कॉलरीला वाफ दिली, सुटलेलं अस्तर आपल्या हातानं टाचलं. टाके वाकडे आहेत. शिंप्यानं पाहिले असते तर टाचण्या गिळल्या असत्या. मला मात्र ते फार आवडतात.

आता मी रुंद लाकडी हँगरवर असतो, आत हवा खेळेल अशा सुती पिशवीत. ताई नव्या माणसाचे कपडे टेबलावर पसरते, तेव्हा शेवटी मलाही पसरते. कधी मी जमतो, कधी नाही. नाही जमलो तर पुन्हा पिशवीत जाऊन बसतो, रुसत नाही.

मित्रांनो, तुमच्याही कपाटात माझ्यासारखं कुणीतरी मागे ढकललेलं असेल. त्याला अधूनमधून सावलीत वारा द्या. खिसे रिकामे करा, सुटलेला टाका वेळेवर घाला. आणि मुख्य म्हणजे त्याला अंगात घाला, बाहेर न्या. आम्ही वापरून जितके झिजतो, त्याहून जास्त वाट बघून झिजतो. तुमच्या घरातल्या माणसांचंही काही वेगळं नसावं, असं मला वाटतं.

बरं, आता निरोप घेतो. उद्या सकाळी मला नदीकाठच्या धक्क्यावर जायचं आहे. एक दंतवैद्य येणार आहेत. फार लाजरे आहेत म्हणे, पण फोटोत त्यांना जहाजाचा कप्तान व्हायचं आहे.