मास्टरांचं मत

रेव्हरंड अँब्रोझ थर्केटल आमच्या कॉलेजचे मास्टर, म्हणजे प्रमुख, झाले तेव्हा त्यांचे कल्ले पांढरे झाले होते. केंब्रिजमध्ये त्या काळी फेलोनं, म्हणजे कॉलेजातल्या अध्यापकानं, लग्न केलं की त्याची जागा जायची. बायको चालायची ती फक्त मास्टरला. म्हणून जवळच्या ईली गावच्या हॅरिएट लिडगेटना लग्नाचा शब्द देऊन ते अर्धं आयुष्य थांबले होते.

निवड झाली त्याच दुपारी ते ईलीला गेले. हॅरिएटबाई तिथे मुलींची शाळा चालवत. त्यांनी चहा दिला, अभिनंदन केलं.

"आता घर मिळालंय, हॅरिएट. भलं मोठं."

"वाट बघता बघता मी इथेच रुळले, अँब्रोझ," त्या म्हणाल्या. "आता मला उठवू नका."

मास्टर परतले आणि त्या मोठ्या घरात एकटे राहू लागले. सकाळी चॅपलमध्ये प्रार्थना, संध्याकाळी हॉलमध्ये आम्हा फेलोंबरोबर जेवण. तेवढाच त्यांचा संसार. मटण कितीही वातड असो, ते सगळ्यांच्या शेवटी उठत.

काही वर्षांनी फेलोंना लग्नाची मुभा देण्याचा ठराव आला. माझं एडिथशी ठरलेलं. आमच्यातला म्हातारा फेलो पेल मला म्हणाला, "विसर तिला. ज्याचं स्वतःचं मोडलं, तो दुसऱ्याचं जमू देईल होय?"

मतं समसमान पडली. आता निर्णायक मत मास्टरांचं, म्हणून सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"होऊ द्या लग्नं," ते म्हणाले. "वाट बघून माणूस शहाणा होतो, असं मला तरी दिसलं नाही."

"हॉलमधलं टेबल ओस पडेल, मास्टर," पेल म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

तसंच झालं. एकेकजण लग्न करून संध्याकाळी घरी पळू लागला. मीही. पुढे पेल वारला. एका हिवाळ्यात विसरलेली छत्री घ्यायला मी हॉलमध्ये गेलो, तर लांबलचक टेबलाशी मास्टर एकटेच सूप पीत होते. मी शेजारी बसलो. ईलीला त्या दुपारी काय झालं, ते त्यांनी मला तेव्हा सांगितलं.

त्या रविवारी एडिथनं त्यांना आग्रहानं जेवायला बोलावलं. ते आले, आमच्या मुलीला मांडीवर घेऊन बराच वेळ शेकोटीजवळ बसले. नंतर मात्र कितीदा बोलावलं तरी आले नाहीत. शेवटी मी विचारलं, "आमचं काही चुकलं का, मास्टर?"

"छे हो. तुमच्याकडे फार बरं वाटतं," ते म्हणाले. "मग परत येताना जड जातं."

आणि चॅपलची वेळ झाली म्हणून ते अंगण ओलांडून निघून गेले.