गोळीचे खाडे

"अहो, दाढी अर्धीच? उरलेली काय पुढच्या चतुर्थीला करणार?"

चहाचा कप घेऊन प्रमोदिनी बेसिनशी उभी होती. प्रभाकररावांचा डावा गाल गुळगुळीत, उजव्यावर साबण तसाच, आणि रेझर बेसिनमध्ये पडलेला. ते काहीतरी बोलले, पण तोंडात सुपारीचं खांड असल्यासारखं.

"उपासाला सुपारी चालते वाटतं! गोळी तेवढी चालत नाही."

टोमणा जुना होता. प्रभाकरराव ठाण्याच्या एका कचेरीत अठ्ठावीस वर्षं हजेरीपट सांभाळत. कोण किती मिनिटं उशिरा आला, कोणाची आजी आजवर कितीदा वारली, सगळं तोंडपाठ. दुसऱ्याचा खाडा लाल शाईनं मांडताना त्यांचा हात कधी थरथरला नाही. स्वतःच्या बीपीच्या गोळीला मात्र खाडेच खाडे. सोमवारी नाही, एकादशीला नाही, चतुर्थीला नाही. उपाशीपोटी औषध पोट जाळतं म्हणे. उरलेल्या दिवशी, "आज डोकं दुखत नाही, मग बीपी कुठून असणार?" दहा दिवसांची पट्टी महिनाभर पुरायची आणि हे गृहस्थ तिला काटकसर म्हणायचे. शेवटी प्रमोदिनीनं चिडून कॅलेंडरवर फुल्या मारायला घेतल्या होत्या. एक खाडा, एक फुली.

तिनं कप त्यांच्या हातात दिला. तो उजव्या हातातून सरळ खाली गेला.

"झालं! आत्ता पुसलेली लादी!"

आवाजानं वरच्या मजल्यावरून थोरले दीर, अण्णा, खाली आले. धाकट्या भावाला खुर्चीत बसवून त्यांनी निदान केलं, "पित्त आहे. उपासाचं. प्रमोदिनी, लिंबू-साखरेचं पाणी पाज आणि झोपू दे तासभर. उठेल टवटवीत."

करवादतच तिनं लिंबू पिळलं आणि पेला अण्णांच्या हातात दिला. तेवढ्यात दारात मोठागावची आवडाबाई मासळीची टोपली उतरवून टेकली. चतुर्थीला या घरात तिचा धंदा नव्हता, पण जिना चढण्याआधी पाणी ती इथंच प्यायची.

"बाय, पानी दे गो." मग तिचं लक्ष खुर्चीकडे गेलं. "भाऊ, हस बगू."

"आवडाबाई, ही थट्टेची वेळ आहे का?" अण्णा म्हणाले.

"तुमी गप रावा. भाऊ, हस. दोनी हात वर कर."

हसू डावीकडेच उमटलं. डावा हात वर गेला, उजवा मांडीवरच राहिला. आवडाबाईनं अण्णांच्या हातातला पेला काढून घेतला.

"पाजू नको, ठसका लागंल. माज्या भावाला, दामाजीला, असाच झायला. आमी दवाखान्यान न नेता तीन दिस अंगाला पारव्याचा रगत चोलला. आता एका हातान जाला धरतो. झोपवू नको, बाय. रिक्षा बोलाव."

रिक्षा तिनंच अडवली. टोपली जिन्यातच राहिली. "चतुर्थीच्या दिवशी मासळीचा वास," असं अण्णा पुटपुटले, पण चपला न घालताच पुढं बसले.

"अर्धांगवायू," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. "लगेच आणलंत ते बरं केलंत. बीपीची गोळी रोज घेत होते?"

या प्रश्नाची प्रमोदिनी कित्येक वर्षं वाट बघत होती. तारीखवार सगळं पाठ होतं. पण खाटेवरून प्रभाकरराव तिच्याकडे बघत होते, उशिरा आलेला शिपाई हजेरीपटाकडे बघतो तसे.

"खाडे झाले," ती म्हणाली. "बरेच."

"डोकं दुखायची वाट बघायची नसते, बाई. बीपी आवाज न करता वाढतं. उपास असो नसो, गोळी रोज."

जीव वाचला. चार महिन्यांनी कचेरीत मुदतपूर्व निवृत्तीचा अर्ज गेला. अक्षर प्रमोदिनीचं होतं, खाली डाव्या अंगठ्याचा ठसा.

त्या आठवड्यात पुन्हा चतुर्थी आली. डाव्या गालाची दाढी त्यांनी डाव्या हातानं केली. उजव्याला साबण लावायच्या आधी तिनं गोळी पुढं केली. "उपास आहे हं आज," असं मुद्दाम म्हणालीसुद्धा. त्यांनी मुकाट्यानं तोंड उघडलं. या महिन्यात कॅलेंडरवर एकही फुली नव्हती. तिला भांडायला काही उरलंच नव्हतं. तिनं उजव्या गालाला साबण लावला.

दारातून आवाज आला, "भाऊ, हस बगू."

डावा कोपरा हसला. उजव्या कोपऱ्याची वाट बघत प्रमोदिनी रेझर धरून उभी राहिली. गालावरचा साबण वाळत चालला.