कारंजं बंद असताना

परसातलं तळं खणलं माझ्या नवऱ्यानं, पण झालं ते वन्संचं. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, भावाकडेच राहिल्या, आणि तो गेल्यावर माझ्याकडे. रोज पहाटे त्या तळ्याकाठच्या सपाट दगडावर बसून शिळा पाव चुरायच्या आणि मासे त्यांच्या पायांशी गोळा व्हायचे.

"पावलं ओळखतात माझी," म्हणायच्या. "नाहीतर तू. दहा हाका मारल्याशिवाय ओ देत नाहीस."

अबोला धरण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. कारण काहीही चालायचं. एकदा मी उशांचे अभ्रे बदलले म्हणून पंधरवडाभर बोलल्या नाहीत. शेवटचा अबोला मी त्यांची खुर्ची उन्हातून सावलीत ओढली म्हणून. तो सुटायच्या आतच त्या झोपेत गेल्या. उभा जन्म एका टेबलाशी जेवलो, आणि निघताना 'येते' एवढंही म्हणाल्या नाहीत.

पुढे कडक उन्हाळा लागला. एका पहाटे मागचं दार उघडलं, तर सगळे मासे त्या दगडापाशी. तोंडं वर, उघडझाप चाललेली. दगडावर कोणी नव्हतं. दुसऱ्या पहाटे तेच, तिसऱ्या पहाटे तेच. मी उंबऱ्यातच थांबायची. वाटायचं, पुढे गेले तर त्या उठून जातील. माझ्याशी एखादा शब्द बोलतात का, एवढंच ऐकत उभी राहायची.

सून नर्स आहे. रात्रपाळी करून त्याच सुमाराला घरी यायची.

"आई, रोज काय बघता इथून?"

"वन्सं आल्यात. मासे बघ ना."

ती हसली नाही. तळ्यापाशी जाऊन वाकली, बराच वेळ बघत राहिली. "ही भूक नाही हो. धाप आहे. वॉर्डात रोज बघते मी. पाण्यातली हवा संपत आलीय, पहाटे तर सगळ्यात कमी असते. दुपारी तेवढी बरी."

"मग त्याच दगडापाशी का जमतात?"

"तिथे नळ ठिबकतो ना, म्हणून. एक छोटं कारंजं बसवू या. नाहीतर एकेक करून जातील सगळे."

"वन्संना आवडायचं नाही."

"मेलेले मासे आवडले असते का आत्यांना?"

मी आत निघून गेले. पण त्याच दिवशी सगळ्यात जुना मासा पोट वर करून तरंगताना दिसला, तेव्हा मीच म्हटलं, "आण बाई तुझं कारंजं."

सुट्टीच्या दिवशी मुलानं आणि तिनं मिळून ते बसवलं. तळाचा गाळ ओढला जाऊ नये म्हणून पंप दोन विटांवर ठेवला. त्यावर नळी, नळीच्या टोकाला भोकांची चकती, आणि वायर मागच्या दाराच्या बटणापर्यंत. मुलानं बटण दाबलं, तर चकती उडाली आणि धार थेट सुनेच्या तोंडावर.

"मुद्दाम केलंस!"

"शप्पथ नाही!"

"तुझ्या शपथा ऐकून ऐकून कान किटलेत माझे."

मलाही हसू आलं. ठिबकणारा नळही दुरुस्त झाला. दुसऱ्या पहाटे मासे तळंभर पांगलेले, दगडापाशी एकही नाही. म्हणजे सूनच बरोबर होती. मासे वाचले, आणि मला घर खायला उठलं.

काही दिवस धीर धरला. मग एका दुपारी, सून झोपली होती, मुलगा कामावर होता, मी बटण बंद केलं. धार खाली बसली. शेवटचा तरंग काठाला लागायच्या आत मासे निघाले. सगळे, सरळ दगडाकडे.

भर दुपार होती. नळ कोरडा होता. तोंडं मिटलेली होती त्यांची, धाप कसली नव्हतीच. नुसते शेपट्या हलवत दगडासमोर थांबले होते.

या वेळी मी उंबऱ्यात थांबले नाही. तशीच अनवाणी गेले आणि दगडाशेजारी जमिनीवर बसले. मान वळवून दगडाकडे बघायचं धाडस काही झालं नाही.

"वन्सं," मी म्हटलं, "पुरे झाला आता अबोला. हरले मी, मीच बोलते आधी. तुमच्या खोलीत सुनेनं शिलाई मशीन ठेवलंय. रागवा हवं तर. पण बोला."

काही ऐकू आलं नाही. पण मासे वळले. कोणीतरी 'ती बघा' म्हणून बोट दाखवावं आणि पोरांनी वळून बघावं, तसं एकेकानं दगडाकडचं तोंड माझ्याकडे फिरवलं.

"आई!" सून दारात उभी होती. "बटण कुणी बंद केलं?"

"मी. लाव परत."

"एवढ्या उन्हात काय करताय तिथे?"

"बोलतेय."

तिनं माशांकडे बघितलं, मग दगडाकडे बघितलं. धापेचं काही बोलली नाही. बटण दाबलं. पाणी उसळलं, थेंब पाठीवर पडायला लागले, तरी मासे जागचे हलले नाहीत. त्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना, म्हणून मी जरा सरकून बसले आणि आवाज चढवला.