निळ्या चिंधीची सुरी

लग्नाला दहा वर्षं होणार म्हणून डोरियननं आम्हा दोघांसाठी दोन दिवसांची सहल शोधून काढली, आणि शोधली कुठे, तर माझ्याच गावी! चेसापीक उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ज्या पार्सन्स नेकमधून मी जीव घेऊन पळाले, त्याला आता 'ऐतिहासिक' म्हणतात. बाल्टिमोरची माणसं तिथे शांतता शोधायला जातात. आम्ही राहत होतो तेव्हा कुणी कुत्रं फिरकत नव्हतं.

"बघ तरी," लॅपटॉप माझ्यापुढे सरकवत डोरियन म्हणाला. "पाण्याला लागून खोली, खास जोडप्यांसाठी. टबात गुलाबाच्या पाकळ्या. सकाळी खेकड्याचं ऑम्लेट!"

बघितलं आणि लगेच ओळखलं. ती खेकडे सोलायची शेड होती. उकडलेल्या खेकड्यांचे ढीग टेबलावर ओतायचे आणि बायकांनी पहाटेपासून मांस काढत बसायचं. माझ्या आईची सगळी उमेद तिथे गेली. घरी आली की ती लिंबानं हात घासायची, तरी वास जायचा नाही. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसत नसे. आता त्याच भिंतींना पांढरा रंग फासून लव्हेंडरचा सुगंध सोडलाय म्हणे. शी!

"अरे, तो पलंग टाकलाय ना, तिथे खेकड्यांच्या घाणीची बादली असायची," मी म्हणाले.

"धुतली असेल गं जागा."

"तू झोप मग तिथे, एकटा."

तेवढ्यात पुढचा फोटो आला. पलंगाच्या डोक्याशी सुऱ्या टांगल्या होत्या, शोभेला. शेडमधली प्रत्येक बाई आपल्या सुरीच्या मुठीला आपल्या घरची चिंधी गुंडाळायची, आणि दुसरीच्या सुरीला कुणी हात लावत नसे, सख्खी बहीण असली तरी. मधल्या सुरीला निळ्या फुलांची चिंधी होती. चर्चला जायच्या माझ्या फ्रॉकची.

शेड बंद झाली त्या सकाळी बायकांना दारातूनच परत पाठवलं होतं. सुऱ्या आत राहिल्या. आईनं कितीदा तरी मागितली, मालक म्हणायचा, सापडत नाही.

हे ऐकल्यावर डोरियनचा चेहरा उतरला. त्यानं लगेच त्या जागेच्या नंबरावर फोन लावला, स्पीकरवर. "भिंतीवरची निळ्या चिंधीची सुरी माझ्या सासूबाईंची आहे. ती परत हवी होती."

"अय्या, किती गोड!" पलीकडची बाई म्हणाली. "पण सजावटीतलं काही देता येत नाही हो. अगदी तशीच आमच्या दुकानात विकत मिळते. चिंधीसकट!"

चिंधीसकट. "रद्द कर सगळं," मी म्हणाले.

"काय रद्द करताय?" आई मागेच उभी होती. ती आमच्याकडेच राहते. मी लॅपटॉप मिटायला गेले, पण तिनं वाकड्या बोटांनी माझा हात बाजूला केला. फोटो तिनं बराच वेळ बघितला.

"आपण नाही जात तिथे, मिस व्हर्नेल," डोरियन म्हणाला. आईला तो पहिल्यापासून मानानं अशीच हाक मारतो.

"का? खोली घे."

"आई, खोली दोघांचीच आहे."

"मग तू राहा घरी. डोरियन नेईल मला."

"अगं, ते देणार नाहीत. अडवतील तुला."

"अडवू देत की," आई म्हणाली. "तोवर सुरी माझ्या हातात असेल."